स्टिअरिंगवरची चिठ्ठी

हाइडरुनच्या नवऱ्याची, फोल्कमारची, लाल स्पोर्ट्स कार एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर यायची. गाडीला परवानाच तेवढ्या महिन्यांचा होता; नंबरप्लेटवर तसे महिने ठोकलेले होते. थंडीआधी तो गाडी ठोकळ्यांवर चढवून उन्हाळी टायर काढायचा, कुठला कुठे बसवायचा ते त्यांवर खडूने लिहायचा, उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत बोळा कोंबायचा. वसंतात विसरायला नको म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधायचा. तीनच शब्द: बोळा, बॅटरी, हवा.

या खेपेला त्याला उभं राहिलं तरी धाप लागत होती.

"गप बस तिथे, टायर मी उचलते," हाइडरुन करवादली. "या गाडीचे लाड केलेस त्याच्या निम्मेसुद्धा माझे केले नाहीस."

"तू कुठे गंजतेस," तो म्हणाला. चिठ्ठी मात्र त्याने स्वतःच बांधली.

फेब्रुवारीत तो गेला.

एप्रिलमध्ये तिने गाडीवरची चादर ओढून काढली. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती. "आधी बोळा काढ. धुराची नळी मागे, खाली, उजवीकडे असते. बॅटरीला हात लावू नकोस, शेजारच्या एकार्टला बोलाव. आणि टायर एकटीने उचलू नकोस."

स्वतःसाठी तो कधी तीन शब्दांहून जास्त लिहीत नसे.