कुलूपबंद ग्रामसभा

"फादर म्हणे. अन् झगा कुठंय?"

एक शिपाई दुसऱ्याला विचारत होता. आवाज हळू ठेवायची तसदी त्याने घेतली नव्हती. फादर माझ्या शेजारी बाकावर बसले होते, चौकड्यांचा शर्ट, मांडीवर फाईल. "धुवायला टाकलाय म्हणावं," ते मला म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून बसले.

तालुक्याच्या ऑफिसातली ही आमची चौथी तारीख. आधीच्या तिन्ही वेळा साहेब मीटिंगला गेले होते.

मी फादरांच्या साप्ताहिकात काम करते. जुन्या जालन्यात, मस्तगडला, एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली आहे. फादर कॅथलिक धर्मगुरू. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग पेपर, मग माहिती अधिकाराचे अर्ज. ग्रामसभेला जा, प्रश्न विचारा, असं सांगत ते तीस वर्षं गावोगाव फिरताहेत. "चर्चला लोक येतात अन् सही करत न्हाईत," ते म्हणतात. "ग्रामसभेला कोणी येत न्हाई अन् सह्या फुल." हा विनोद सांगताना ते स्वतः आता हसत नाहीत.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं म्हणून मी या कामात आले. बातमी लिहायची तर आधी माणसांशी बोलावं लागतं, हे इथे आल्यावर कळलं.

प्रकरण असं होतं. आष्टीच्या पुढच्या एका गावाचं गायरान, म्हणजे गुरंढोरं चारायला राखलेली जमीन, खडी क्रशरला द्यायचं घाटत होतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. नोटीस लागली: सकाळी अकरा, ग्रामपंचायत कार्यालय. फादरांनी मला पाठवलं.

साडेदहाला पोचले तर दाराला कुलूप. मी पायरीवर बसले, दीड वाजेपर्यंत. खरं तर चार लोकांना विचारायचं, कुलपाचा फोटो काढायचा. यातलं मी काहीच केलं नाही. अनोळखी माणसाला थांबवून बोलायचं माझ्या जिवावर येतं. नुसती वहीत टिपत राहिले, तेही इंग्रजीत, सवयीने.

शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाईंनीच मला हटकलं. "कोणाची वाट पाहून राह्यली गं?"

"ग्रामसभेची."

त्या हसल्या. "मंग बस."

त्या सखूमावशी. बावीस शेळ्या, आणि चारायला ते गायरान सोडून दुसरी जागा नाही.

दोन महिन्यांनी माहिती अधिकारात प्रोसिडिंग मिळालं. सभेत काय झालं ते ज्यात लिहितात, ती वही. तिच्यानुसार सभा बरोबर अकराला सुरू झाली, सविस्तर चर्चा झाली, ठराव एकमताने मंजूर. मागे चार पानं सह्या. त्यात सखूमावशींचा अंगठासुद्धा.

"रेशनच्या वहीवर म्हणून घेतला मेल्यांनी," मावशी म्हणाल्या.

आम्ही बातमी छापली. बातमीवर नाव नव्हतं. आम्ही ते घालत नाही, कारण मग धमक्यांचे फोन येतात. नंतर तक्रार, नंतर तारखा.

शेवटी आत बोलावलं, फादर, मी आणि सोबत आणलेल्या मावशी अशा तिघांना. साहेबांसमोर सरपंच आणि ग्रामसेवक आधीच चहा पीत बसले होते.

"फादर, सभेच्या दिवशी तुम्ही गावात होता?"

"नाही."

"मग हे ऐकीव झालं."

"साहेब, यांचं कारण येगळंच असतंय," सरपंच म्हणाले. "गावात धर्माचं काही चालवायचं असंन."

हे वाक्य फादरांनी किती ऑफिसांत ऐकलं असेल, कोण जाणे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सरपंच, शेळ्यांना मी अजून बाप्तिस्मा दिलेला न्हाई."

साहेब हसले. सरपंच हसले नाहीत.

मग मावशींना विचारलं. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. त्या पाणी भरतात ती विहीर सरपंचांची. "मला काय कळतंय, साहेब," त्या म्हणाल्या. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"बातमी कोणाची आहे?" साहेबांनी पेपर उलटा करून पाहिला. "निनावी कागद मला फाईलला लावता येत नाही. आज जबाब नसेल तर तक्रार निकाली काढतो."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे मला कळलं. मी वही पुढे सरकवली.

"हे इंग्रजीत आहे. तोंडी सांगा, मराठीत. नाव-पत्त्यासकट लिहून घेणार आम्ही."

मावशी माझ्या कानाशी आल्या. "इंग्लिशमधीच बोल. त्येन्ला जल्दी पटतं."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. ठरावाला स्थगिती मिळाली. तो रद्द झालेला नाही. गायरानात शेळ्या चरतात आणि क्रशरचा बोर्डही तिथेच उभा आहे. घरी अधूनमधून फोन येतो, आई उचलते आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाही. न झालेली सभा कागदावर घ्यायला एक दुपार पुरते. ती झाली नव्हती हे कागदावर आणायला वर्ष जातं, आणि तेही अर्धंच येतं. फादर म्हणतात, अर्धं आलं तरी बिलकुल वाईट नाही.

त्या टेबलासमोर मात्र यातलं काही माहीत नव्हतं. क्लार्क पेन उघडून थांबला होता. ग्रामसेवक कपाकडे बघत होता. मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. क्लार्कने "जरा मोठ्यानं" म्हटलं, आणि मी मोठ्याने म्हणाले,

"साहेब, त्या दिवशी साडेदहा ते दीड मी कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. कुलूप कोणी उघडलं नाही. सभेला आलेली मी एकटीच होते, आणि चार पानांत माझीच सही नाही."