चाळीस मिनिटांवरची ताई

डोंगरापलीकडच्या गावचा विमानतळ किती लांब, असं कुणी काउंटरवर विचारलं की वजनकाका किलोमीटर सांगायच्या भानगडीत पडत नसत. "वारा सरळ असला तर चाळीस मिनिटं, उलटा असला तर पन्नास." रस्त्याने डोंगराला वळसा घालताना अख्खा दिवस मोडतो, हे त्यांच्या कंबरेला ठाऊक होतं. त्या गावी त्यांची थोरली बहीण राहायची, आणि जन्मभर लोकांना विमानात बसवणारे काका तिच्याकडे बसनेच जात.

कर्मचाऱ्यांना रिकाम्या जागेवर फुकट जाता येई. ती सवलत काकांनी पाहुण्यांसाठीच्या कोऱ्या चादरीसारखी जपून ठेवली होती. आज ती उलगडायची वेळ आली. दुपारी ताईच्या पोटातली गाठ काढणार होते. "आत नेण्याआधी तुझं तोंड दिसू दे," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. डॉक्टर कुणासाठी थांबत नाहीत, असं भाच्याने वर बजावलं होतं.

विमान एवढंसं, म्हणून सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागे. ते काम काकांचं. काट्यावर चढताना भलीभली माणसं श्वास रोखून पोट आत घेत. ते बघून काकांना पाझर फुटे. कुणाचे तीन किलो ते कमी सांगत, कुणाच्या फुगलेल्या बॅगेकडे काणाडोळा करत. लोक खूश, काकाही खूश.

सगळे चढले. शेवटची जागा रोजच्यासारखीच रिकामी होती. काका पिशवी घेऊन शिडीपाशी गेले, तर त्यांच्या मुलीच्या वयाची पायलट आडवी आली.

"काका, ती जागा रिकामी नाहीये हो."

"कोण बसलंय तिथे?"

"तुम्ही सोडून दिलेले किलो."

मग तिने हळू आवाजात सांगितलं, की काकांचा काटा दयाळू आहे हे सगळ्या पायलटांना माहीत आहे. म्हणून एक जागा मोकळी ठेवूनच ते उडतात. काका भांडणार होते, पण कुणाशी? काटा त्यांचाच होता.

त्यांनी बस धरली. वळणावळणाला गुडघे समोरच्या बाकावर आपटत होते. अर्ध्या वाटेत भाच्याचा फोन आला, नेलं आत. काका "बरं" म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून बसले.

दिवेलागणीला पोचले तेव्हा ताई शुद्धीवर आली होती. गाठ निघाली होती. तिने डोळे किलकिले केले.

"वारा उलटा होता वाटतं."

"हो. चांगलाच."

"मी नर्सला सांगत होते, थांबा जरा, भाऊ चाळीस मिनिटांवर आहे."

स्टुलावर बसून काकांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, मग पुन्हा सारखं केलं.

कामावर परतल्यावर पहिलेच एक गृहस्थ काट्यावर चढले, पोट आत घेऊन. काकांनी आकडा आहे तसा सांगितला. गृहस्थ रुसले. काकांनाही वाईट वाटलं, पण त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.