भिंतीतलं चिमण्यांचं घर

इस्तंबूलच्या मोठमोठ्या मशिदी बघून पाय दुखायला लागले होते, म्हणून आम्ही दोघं एका गल्लीतल्या छोट्या उस्मानी मशिदीच्या पायरीवर टेकलो. एक घुमट, एक बुटका मिनार. ऊन येणाऱ्या बाजूच्या भिंतीत, मांजर पोचणार नाही इतक्या उंचावर, दगडात कोरलेलं इवलंसं घर दिसलं. त्यालाही घुमट, खिडक्या आणि उतरायला सज्जा! खिडकीतून पिल्लांच्या चोची डोकावत होत्या.

"मशीद बांधतानाच पाखरांचीही सोय करायची, ही जुनी रीत," म्हातारे इमाम मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. भिंतीची डागडुजी चालली होती, पण परांची त्या घरापाशी येऊन थांबली होती. "पिल्लं उडाली की पुढचं काम."

ही मशीद कुणी बांधली, ते इमामांनाही ठाऊक नव्हतं. त्या माणसाचं नाव पुसलं गेलं, पण त्यानं केलेली सोय अजून चालू आहे. देवाचं घर बांधताना चिमणी आठवणं, हीसुद्धा प्रार्थनाच की.

बायको बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "अहो, घरी गेल्यावर गॅलरीची जाळी काढू या."

"कबुतरं येतील."

"येऊ देत."