ठकू मॅडमचं घड्याळ

क्लासचं कुलूप उघडण्याआधी ठकू मॅडम जिन्याच्या कठड्याची सावली कोणत्या पायरीवर पडली आहे ते बघायच्या आणि मला वेळ सांगायच्या. "कांता, नऊला पाच कमी." मग मी पिशवीतून मोबाईल काढून बघायची. कधी नऊला सात कमी असायचे, कधी चार. त्याहून जास्त त्या चुकल्याचं मला आठवत नाही. आभाळ असलं की म्हणायच्या, "आज आपलं घड्याळ झाकलंय. तुझं काढ."

सावली बघायला त्या मेंढरांमागं शिकल्या. पालीजवळच्या मेंढपाळाच्या घरातल्या त्या. बाराव्या वर्षापर्यंत हातात काठी, मग शाळा, मग लग्न, मग टाइपरायटर. बीडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्या पुन्हा कॉलेजच्या मुलींशेजारी बाकावर बसून शिकल्या. नवीन मुलींना नावाचं हसू यायचं. मॅडम आपणहूनच सांगायच्या, "नाव ठकू हाय, पण आजवर कुणाला ठकवलं न्हाई. हसून घ्या आन मंग बोटं कीबोर्डवर ठिवा."

मी तिथं झाडलोट करायची, पाणी भरायची, चहा करायची आणि बॅच संपली की घंटी वाजवायची. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच राहतो. पहिला महिनाभर मुलींना मी मुकीच वाटले होते. मॅडमनी मला एकदाही "बोल की गं" म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर सांगायच्या, "बुजरं मेंढरू हाकलू नये. आपण म्होरं चालत ऱ्हावं. येतं मागनं."

कॉम्प्युटरवर परीक्षेचा सराव सुरू केला की सगळा पडदा त्या परीक्षेनंच भरायचा. कोपऱ्यातली बारीक वेळ झाकली जायची. मग मुली मान मागं वळवून भिंतीवरचं घड्याळ बघायच्या. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं असायचं. मीच ठेवायची. माझ्या आईकडं, सासरी, सगळीकडं तसंच, गाडी चुकू नये म्हणून. क्लासात सगळ्यांना ते ठाऊक होतं. नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी बाकीच्या तिला सांगायच्या, बघायचं आणि दहा वजा करायचे.

मॅडमना ते मान वळवणं आवडायचं नाही. "एवढं मोठं मशीन म्होरं, आन टाइम बघायला मागं वळायचं?" त्यांनी मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघितले, वहीत उतरवून घेतलं आणि एका दुपारी बसल्या. मी चहा घेऊन उभी होते. मला सगळं समजणारच असं धरून त्या सांगत होत्या, आणि खरंच मला समजलं. "हे बघ, ह्याला चारच कामं सांगायची. एक, किती वाजले ते मशीनला इचार. दोन, ते पाटीवर मोठ्या अक्षरात लिही. तीन, एका सेकंदानं परत इचार. चार, कुणी कायबी उघडलं तरी सगळ्यांच्या वर ऱ्हा. बास. धा-पंधरा ओळींचं काम."

पहिल्या दिवशी घड्याळ आलं आणि दुपारभर दोन चाळीसच दाखवत बसलं. मॅडम पोट धरून हसल्या. "एकदाच इचारलं आन गप बसलं की गं हे!" दुसऱ्या दिवशी ते चालायला लागलं, पण परीक्षा उघडली की तिच्यामागं लपायचं. "घंटीची शेळी कळपाच्या म्होरं पायजे. ही मागं जाऊन बसली." तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या वर राहिलं, ते नेमकं पुढच्या प्रश्नाच्या बटणावर. एक मुलगी ओरडली, "मॅडम, तुमची शेळी बटनावर बसलीया, उठवा तिला!" मग ते माऊसनं धरून कुठंही सरकवता येईल असं मॅडमनी केलं.

त्यातले आकडे इंग्रजी होते. मला इंग्रजी आकडे येतात, पण त्यांचा नऊ मला आपल्या एकासारखा दिसतो, त्यामुळं मी जरा थांबून वाचते. हे मी कुणाला बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळे आकडे मराठी. मुली कुरकुरल्या, "मॅडम, परीक्षेत मराठी आकडे नसतेत."

"परीक्षेत घंटी कांता वाजवती का? हितं वाजवती. तिला दिसाया पायजे."

मी माठाजवळ गेले आणि धुतलेले ग्लास पुन्हा धूत बसले.

आठही मशीनवर घड्याळ बसवलं त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बजावलं, "ह्यातनं कायबी वजा करायचं न्हाई. हे खरं हाय." मीही ऐकलं होतं.

रेखा नावाची मुलगी पालीहून यायची. वडील मारुतीभाऊ, मेंढरंवाले. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंतच. मॅडम गेवराईला कुणाच्या तरी मौतीला गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडं होती. रेखानं फॉर्म जवळजवळ भरत आणला होता, फोटो तेवढा राहिला होता. ती मागच्या बाकावर पिशवीत फोटो शोधत होती आणि मी तिच्या मशीनपुढं झाडत होते.

"मावशी, किती येळ ऱ्हायला?"

मी पडद्याकडं बघितलं. चार चाळीस. आणि लहानपणापासूनची सवय, मी मनात दहा वजा केले. "अर्धा तास हाय," मी म्हणाले.

"मंग नवीनच काढून येते. ह्या फोटोला घडी पडलीया." ती स्टुडिओकडं पळाली. परत आली तेव्हा धापा टाकत होती. पाचाला तीन कमी होते. फोटो चढायला वेळ लागला. शेवटचं बटण दाबायच्या आत पडद्यावर लाल अक्षरं आली, मुदत संपली.

रेखा खुर्चीतून उठलीच नाही. "अर्धा तास व्हता ना! मंग पाच कसे वाजले?" मग तिनं घड्याळाकडं बघितलं. "हे घड्याळच येडं हाय. मॅडमनी घरी बनवलेलं, ते काय चालणार!" आणि ओढणी तोंडाला लावून ती जिना उतरून गेली. माझ्या हातात झाडू होता. मला सगळं कळलं होतं, तरी मी खाली बघून झाडत राहिले.

सव्वापाचला मॅडम आल्या. मुलींनी सांगितलं, "मॅडम, तुमच्या घड्याळानं रेखाचा फॉर्म घालवला." मॅडमनी खांद्यावरची पिशवीही काढली नाही. तशाच बसल्या. मोबाईल घड्याळाशेजारी धरला. दोन्हीकडं सारखीच वेळ. मग त्यांनी आतल्या ओळी उघडल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. शेवटपर्यंत गेल्या, पुन्हा वरून सुरू केलं. "मंग मधली मिनटं गेली कुठं? कुठंतरी माझी चूक हाय. सापडंना मला." मुली घरी गेल्या. मी चहा ठेवला, तो गार झाला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्या मशीनवरनं काढून टाकते. खोटं घड्याळ असण्यापरीस नसल्यालं बरं."

ते ऐकवलं नाही मला. "मॅडम, घड्याळ खरं हाय. दहा मिनटं म्या काढली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. रागावल्या नाहीत. स्टुलावर चढून त्यांनी ते घड्याळ काढलं, मांडीवर घेतलं आणि काटे मागं फिरवले. "भितीवर खोटं टांगून ठिवलं आन म्होरं खरं वाचा म्हणून सांगत बसले. ह्यात माझीबी चूक हाय." घड्याळ पुन्हा खिळ्याला लावून त्या चपला घालायला लागल्या. "चल."

"कुठं?"

"पालीला. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या हातनं हरवलं तर दिवस बुडायच्या आत मालकाला सांगायचं. आमच्यात रीत हाय ती."

"तुमी सांगा मॅडम. माझ्यानं न्हाई व्हायचं."

"म्या संग येते. सांगायचं तू."

रिक्षात त्यांनी माझी समजूत घातली नाही. तलावाच्या बाजूला सूर्य उतरला होता. हात लांब करून, बोट आडवं धरून त्यांनी माप घेतलं. "दिवस बुडायला दोन बोटं हाय अजून."

मारुतीभाऊ मेंढरं आत घेत होते. "ठकाक्का? ह्या वक्ताला?" मॅडम एका दगडावर बसल्या. सगळी वाट त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली. मी म्हणाले, "भाऊ, घड्याळ बरोबर व्हतं. म्या चुकीचं सांगितलं. वीस मिनटं व्हती, म्या अर्धा तास म्हणलं." मेंढरांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

भाऊंनी शेवटचं मेंढरू आत घेतलं आणि कुंपण लावलं. "वरीस गेलं ना बाई पोरीचं."

"व्हय," मी म्हणाले.

रेखा दारात आली होती. "मंग तवाच कावून न्हाई बोलला? कावून गप बसला?"

तेव्हा मॅडम बोलल्या. "रेखा, वरीस म्या परत आणू शकत न्हाई. पण वाया जाऊ देणार न्हाई. क्लासला ये. फी न्हाई. नवीन पोरींना तू शिकीव, तुला म्या शिकवते." भाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "पाणी दे गं त्यांना." रेखानं मॅडमच्या हातात तांब्या दिला. माझा तांब्या तिनं खाली जमिनीवर ठेवला. मी उचलून प्याले. सूर्य तेव्हा डोंगराला टेकत होता. परत येताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "उजेडात सांगितलंस."

रेखा चार दिवसांनी आली. माझ्याशी कितीतरी महिने बोलली नाही. मी तिच्या टेबलावर चहा ठेवायची, ती प्यायची, कप सरकवायची.

त्या दिवसांत मॅडमनी घड्याळाखाली आणखी एक ओळ घातली, मुदतीला किती वेळ उरला ते सांगणारी. "वजाबाकी मशीनला करू दे. सवय लई वाईट. माणसाच्या आधी बोलती." पाच वाजण्याचा आकडा घालायची वेळ आली तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि मला बसवलं. "मशीनला संध्याकाळचे पाच म्हंजे सतरा. हाण." मी एका बोटानं एक दाबला, मग सात. पडद्यावर मिनिटं उलटी पळायला लागली. मॅडम सगळ्या मुलींना सांगत सुटल्या, "ही ओळ कांतानं लिवलीया बरं का!"

पुढच्या वर्षी फॉर्म सुटला त्याच दिवशी रेखानं भरला. घडी नसलेले तीन फोटो घेऊन आली होती. बटण दाबून झालं, पावती निघाली, आणि ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मावशी, आज चहात साखर जरा जास्ती टाका." मी इतकी टाकली की मॅडम म्हणाल्या, "चहा हाय का पाक?"

रेखा आता नर्स आहे. मॅडमना आजार झाला तेव्हा त्या पालीला भावाच्या घरी होत्या. सुट्टी मिळाली की रेखा जायची. मीही जायची. शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, पण खिडकीतून उन्हाची तिरीप आली की ती कुठं पडली ते बघायच्या आणि बोटांनी मला वेळ दाखवायच्या. आम्ही दोघी जवळ असतानाच त्या पहाटे गेल्या. रेखाचा हात त्यांच्या मनगटावर होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मोबाईल बघितला. सहा वाजून बारा मिनिटं.

अंगणात माणसं जमली. मॅडमचे भाऊ भिंतीकडं बघून फोनवर सगळ्यांना सांगत होते, "सहा बावीसला गेली."

मी बाहेर गेले. "भाऊ, सहा बारा. भितीवरचं घड्याळ दहा मिनटं पुढं हाय."

बाजेवर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "दहा मिनटानं काय व्हतंय, बाई?"

सगळी पुरुष माणसं माझ्याकडं बघायला लागली. तिथंही दाराशी माठ होता, पण या वेळी मी तिकडं गेले नाही.

"लई व्हतंय बाबा," मी म्हणाले.

रेखा दारात उभी होती. आत जाऊन तिनं भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि काटे मागं घेतले.