बदलीवाल्याचा नागा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही सगळे, त्यामुळे जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास केला, आणि विषय घेतला तोही संख्याशास्त्र. म्हणजे नक्की काय, हे चाळीत कुणालाच सांगता येईना. वडील विचारणाऱ्याला म्हणत, मोजायचं शिकलाय. त्यावर समोरचा विचारी, मोजायला कॉलेज कशाला लागतं? या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली ती थोरल्या भावामुळे.

दादा मिलच्या फुटबॉल टीमचा राइट बॅक होता. तेव्हा गिरणगावात मिलमिलच्या टीमा असत. खेळाडूला पगार मिळे तो कामगार म्हणून. कागदावर साळखात्यातला विणकर, प्रत्यक्षात सेंटर फॉरवर्ड, असा सगळा मामला. पण नव्या खेळाडूला आधी बदली कार्ड मिळायचं. बदलीवाल्याने सकाळी मिलच्या दारात उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचं, सगळे आले तर हात हलवत घरी. खेळात चमकला की साहेब त्याला पर्मनंट करत. दादा काही वर्षं बदलीतच अडकला होता. वहिनी आणि त्यांची मुलगी गावाला, मालवणकडे. पर्मनंट झाल्याशिवाय त्यांना मुंबईत आणायचं नाही असं त्याने ठरवलेलं. त्या वर्षी गणपतीला वहिनीने त्याला सरळच विचारलं होतं, की पोरगी तुम्हाला पाहुणा समजते, हे केव्हापर्यंत चालायचं?

त्या मोसमाच्या शेवटी टीममधला एकच जण पर्मनंट होणार होता. सगळे म्हणत, लेफ्ट आऊटच होणार. तो गोल मारत होता.

मी त्याच मिलच्या फोर्टमधल्या ऑफिसात नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. टीम सांभाळणारे वेल्फेअर ऑफिसर तिथेच बसत. गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, फुटबॉलचे वेडे, बोलायला मोकळे. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो की तुम्ही गोल मोजता, बॅकने गोल करायचे नसतात, अडवायचे असतात. ते म्हणाले, हे मला कळतं रे, पण वर मॅनेजरला आकडा लागतो. बॅकचा आकडा मी कुठून आणू?

"मी आणतो," मी म्हणालो.

ते हसले. मी हसलो नाही.

पुढच्या मॅचपासून मी पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला उभा. कुठल्या बॅकने, कुठल्या हाफने किती चेंडू काढून घेतले, किती हेड केले, किती आपल्या माणसाकडे गेले, सगळ्याच्या रेघा मारल्या. लोक मॅच बघत होते, मी पाय बघत होतो. बाजूचे म्हातारे विचारत, काय रे, सट्टा लावलास काय? रस्त्यावरून मोर्चा जाई, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि कडेचे निम्मे लोक मॅच टाकून तिकडे धावत. माझेही पाय शिवशिवत. पण रेघ चुकली असती, म्हणून मी तिथेच.

काही मॅचनंतर बेरीज केली. सगळ्यांत कमी आकडा दादाचा.

पुन्हा बेरीज केली. तोच. गॅलरीत येरझारा घालू लागलो, तशी आईने हटकलं. मी सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही तिचा. "कॉलेजात जावन भावाक मोजूक शिकलंस?" एवढंच म्हणाली.

दादाला कळलं तेव्हा तो माझ्यापेक्षा शांत होता, आणि त्याचाच मला राग आला. तो म्हणाला, साच्याला घड्याळ लावतात, किती धोटे फिरले ते मोजायला, तसं तू मला लावलंस. मी म्हटलं, घड्याळ खोटं बोलत नाही. "मग मी खोटा," तो म्हणाला आणि बूट पुसायला बसला.

पण मी मॅच डोळ्यांनी बघितली होती. दादाच्या बाजूला चेंडूच येत नव्हता. तो आधीच अशा जागी जाऊन उभा राही की समोरचा पास द्यायचा विचार सोडून दुसऱ्या बाजूला वळे. मी काढून घेतलेले चेंडू मोजत होतो. जो चेंडू आलाच नाही त्याची रेघ कुठे मारायची? आठवडाभर डोक्यात तेच. ऑफिसात कापडाच्या वारांची बेरीज करताना दोनदा चुकलो आणि हेडक्लार्कचं ऐकून घेतलं.

उत्तर ट्रामच्या थांब्यावर सापडलं. थांबा मिलच्या दारासमोरच होता. सकाळी बदलीवाले भरून घेणारा जॉबर दारात आला, आणि बदलीवाल्यांचा घोळका पुढे सरकला. त्यात दादाही होता. जॉबर ओरडला, "चार नागे!" म्हणजे चार कायमचे आले नव्हते, आणि चौघांना आत घेतलं. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या दिवशी ट्राम समोरून गेली तरी मी चढलो नाही. आतल्या शेकडो माणसांतलं कोण काय करतं हे जॉबरला दारात उभं राहून दिसत नाही. पण जो आला नाही त्याचा बंद साचा त्याला लगेच कळतो. मी उलट्या बाजूने मोजत होतो. दादा मैदानात असताना काय होतं ते नव्हे, नसताना काय होतं ते बघायला हवं होतं.

आणि दादा नसलेल्या मॅच काही थोड्या नव्हत्या. तो सभेचा माणूस. शिवाजी पार्कला सभा असली की फुटबॉल बाजूला. एकदा सत्याग्रहात धरला गेला तेव्हा तर लागोपाठ मॅच हुकल्या. बदलीवाला असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. कुठल्या मॅचला तो नव्हता हे चाळीला सभांवरूनच आठवत होतं. अमक्या सभेला त्याचा घसा बसला होता, तमक्या दिवशी पोलिसांनी नेला, असं एकेकाने सांगितलं, आणि मी निकालांशी ताडून पाहिलं.

तो असताना आम्ही क्वचित गोल खाल्ले होते. तो नसताना जवळपास प्रत्येक वेळी. एक मॅच मी हिशेबातून काढून टाकली, कारण त्या दिवशी आमचा गोलकीपरही सभेलाच होता आणि गोलात कुणा भलत्यालाच उभं केलं होतं. तो पराभव दादाच्या खात्यावर टाकणं प्रामाणिकपणाचं नव्हतं. ती काढल्यावर मॅच थोड्याच उरल्या. आमच्या प्रोफेसरांनी एवढ्याशा आकड्यांवर काही बोलू दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण प्रोफेसरांचा भाऊ रोज सकाळी मिलच्या दारात उभा राहत नव्हता. मी कागद स्वच्छ टाइप केला. एका रकान्यावर लिहिलं हजर, दुसऱ्यावर नागा.

ऑफिसरसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांचे डोळे चमकले हे मी बघितलं. मग बोट दुसऱ्या रकान्यावर थांबलं.

"बदलीवाल्याला नागा कधीपासून लागायला लागला रे?"

मी म्हटलं, म्हणजे तो नव्हता त्या मॅच. आमच्या घरात न जाण्याला सरसकट नागाच म्हणत. दूधवाला आला नाही तरी नागा.

"तुझ्या घरात असेल. मिलमध्ये नागा लागायला माणूस आधी पर्मनंट मस्टरवर लागतो." बोट तसंच तारखांवरून खाली गेलं. त्या तारखा मुंबईत कुणाला पाठ नव्हत्या? त्यांनी मान वर केली. "कुठे होता हा?"

"सभेला," मी म्हणालो. खोटं बोलायचं कारण नव्हतं.

त्यांनी दरवाजाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. वर मालक कुठल्या बाजूचे आहेत हे मला सांगायला नको, असं म्हणाले. आजारी होता असं लिहिलंस तर? मी म्हटलं, साहेब, वारंवार आजारी पडणाऱ्या बॅकला पर्मनंट कोण करील? त्यांना हसू आलं, पण लगेच आवरलं. कागद मला परत देत म्हणाले की भावाला विचार. तो हो म्हणाला तर उद्या वर नेतो. नाही म्हणाला तर मी हा बघितलाच नाही.

घरी येईपर्यंत मी दहा वेळा मत बदललं. कागद नेला तर दादा कामाचा आहे हे कळेल, आणि दादा कोण आहे हेही कळेल. नाही नेला तर लेफ्ट आऊट पर्मनंट होईल, पण दादाचं बदली कार्ड तरी राहील. दादा नळावर पाय धूत होता. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"ने म्हणावं," तो म्हणाला.

"कार्ड जाईल दादा. मग वहिनी कायमची गावाला."

"मी काय चोरी केली? गेलो होतो तर गेलो होतो." मग पायावर पाणी ओतत म्हणाला, "काय बी.ए., मोजताना भ्याला नाहीस, आता भितोस काय?"

पुढचे दिवस कसे गेले ते मीच जाणे. ऑफिसात शिपाई आला की मी उठून उभा राही. दादा मात्र रोज दारात उभा राही आणि मिळालं तर काम करून येई, जसं काही झालंच नाही.

शेवटी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, मॅनेजरने तारखा बघितल्या. अर्थात बघितल्या. पण तो माणूस धंद्याचा. त्याने विचारलं, हा नसला की आपण हरतो, मग हा वाटेल तेव्हा गायब कसा होतो? मी त्याला सांगितलं, बदलीवाला आहे, कागदावर नागा लिहिला तरी मस्टरवर त्याला लावता येत नाही. मॅनेजर म्हणाला, मग याला पर्मनंट करा, म्हणजे लावता येईल.

साहेबांनी हे हसत सांगितलं. मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेलो, आणि वाटेत भायखळ्याच्या पुलावर कुठेतरी लक्षात आलं की मी भावाला नोकरी मिळवून दिली आणि त्याच्या गळ्यात दावंही बांधलं. दादाला दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, दाव्याचं नंतर बघू, आधी गावाला निरोप धाड.

वहिनी आली, पोरगी आली. खोलीत पडदा लागला. पोरगी पहिले काही दिवस दादा घरात शिरला की आईच्या पदराआड जायची, मग बूट पुसायला त्याच्या शेजारी बसू लागली.

आणि मग मॅचच्याच दिवशी शिवाजी पार्कला सभा लागली. दुपारी पाळी आणि मॅच दोन्ही सोडून दादा टोपी घालून निघाला तेव्हा मला कळलं. माझ्या भावाच्या नावापुढे मस्टरवर पहिला नागा लागला. मी मैदानावर गेलो, पेन्सिल खिशात ठेवून. उभं राहवेना, बसवेना. प्रत्येक चेंडू उजव्या बाजूलाच चाललाय असं वाटे.

दादा परतला तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. वहिनीने ताट वाढलं. पहिला घास घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं.

"किती खाल्ले?"

"एकपण नाही."

"म्हणजे जिंकलो?"

"जिंकलो."

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "मग तुझ्या शास्त्राचं काय?"

"एका मॅचवरून काही ठरत नाही, दादा."

"हां. आणि तेव्हा लई मॅचवरून ठरवलं होतंस." त्याला हसायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. "जाऊन सांग की साहेबाला. नवीन कागद टाइप कर."

मी खरंच त्या विचारातच होतो. ही मॅच धरली तर फरक किती उरतो, हे डोक्यात चालूच झालं होतं. वहिनीने भाताचं पातेलं मध्ये ठेवलं.

"भावजी, आता काय मोजायचं ते मोजा," ती म्हणाली, "पण ठरलेलं बदलू नका. पोरीचं नाव शाळेत घातलंय."