आबांचा नेम आणि मोंबासाची स्टेपनी

रोह्याहून पेणला जायला दीड तास लागतो. यायलाही तेवढाच लागतो, असं लोक सांगतात. मला जाताना दीड तास लागला आणि येताना जवळजवळ सगळा दिवस गेला, म्हणून हे लिहायला घेतलं. दीड तासाच्या प्रवासाचं कोण काय लिहिणार?

नव्वदच्या पुढची सालं. मी तेव्हा रोह्यात रिक्षा चालवायचो. शाळेशी माझं पटलं नाही. मास्तरांचंही माझ्याशी पटलं नाही, त्यामुळं भांडण न होता आम्ही वेगळे झालो. पण तोंडाला शाळा लागत नाही. स्टँडवर माझी रिक्षा चालायची कमी आणि जीभ जास्त. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, नेमकं तेच खुपायचं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी त्यांनी गाडीतून काढून घरी आणून मनात लावली होती. मला ते 'जावईबापू' म्हणायचे, पण ते असं, की पोलिसानं 'साहेब' म्हणावं.

आबांच्या घरचा गणपती पेणचा. एकाच कारखान्यातला, त्यांच्या वडिलांपासून. आणि त्या घरात एक नेम होता. घरातल्या ज्या माणसानं कारखान्यात मूर्ती उचलली, त्यानं ती घरच्या पाटावर ठेवेपर्यंत वाटेत कुठं टेकवायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. वडील गेल्यापासून चाळीस वर्षं आबांनी हा नेम पाळला. पायी पाळला, एसटीत पाळला, टेम्पोत पाळला. एकदा म्हणे टेम्पोत त्यांच्या पायावर कुणाची तरी पेटी पडली, तरी 'आई गं' म्हणाले नाहीत.

त्या वर्षी आबांचे गुडघे धरले होते. मी म्हटलं, यंदा देव मोटारीनं आणू. नदीपलीकडच्या अष्टमी गावचा याकूब माझा दोस्त. तो आफ्रिकेत, मोंबासाला होता, परत येताना एक जपानी गाडी घेऊन आला होता. याकूब म्हणाला, देवाचं काम आहे, घेऊन जा, फक्त तू चालवू नकोस. मी म्हटलं, आबा चालवतील. जाताना खरंच आबांनीच चालवली. पण येताना त्यांच्या मांडीवर मूर्ती असणार आणि गाडी कुणीतरी चालवायलाच पाहिजे, हे याकूबला सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. भिसे खिंडीत धुकं होतं. नागोठण्याला चहा घेतला. वडखळला गाड्यांची ही रांग. अख्खी मुंबई कोकणात चाललेली. पेणला पोचलो तर गल्लीगल्लीत फळ्यांवर गणपती. कारखान्याच्या ओटीवर बसून आम्ही पोहे खाल्ले. कारागीर शेवटचा डोळा रंगवत होता आणि मी त्याला बायकोच्या डोळ्यांवरचा एक विनोद सांगत होतो. त्याचा हात हलला. आबा म्हणाले, "जावईबापू, जरा बाहेर जाऊन पापड बघून या." मी सासूबाईंसाठी पोह्याचे पापड घेऊन आलो, तेव्हा मूर्ती तयार होती. आबांनी डोळे मिटले, हात जोडले, हातभर उंचीची मूर्ती उचलली आणि त्यांचं तोंड बंद झालं.

मागच्या सीटवर डाव्या बाजूला आबा बसले, मांडीवर गणपती, तोंडावर रुमाल. देवाच्या तोंडावर, आबांच्या नाही. मी स्टेअरिंगवर बसलो. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. बारा वर्षांत पहिल्यांदा सासरा उलटून बोलू शकत नव्हता. वडखळपर्यंत मी त्यांना माझ्या आयुष्याची सगळी हकिकत सांगितली.

वडखळ सोडून थोडं पुढं आलो. दोन्हीकडं मिठागरं, पावसाळ्यात नुसतं पाणी भरलेली. गाडी डावीकडं ओढायला लागली. मला वाटलं रस्त्याला उतार असेल. मग फटफट असा आवाज. आरशात बघितलं तर आबांचे डोळे मोठे झालेले. मला वाटलं माझी हकिकत रंगली. शेवटी मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून खाली दाखवलं, तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला मातीत घेतली. मागचं डावं चाक बसलं होतं.

आता रिक्षाचं टायर मी डोळे मिटून बदलतो. रिक्षाला जॅक कशाला लागतो? दोघांनी धरायची, कुशीवर कलती करायची, खाली दगड लावायचा, चाक काढायचं. इथं कलती करायला गाडी जड, आणि दुसरा माणूस देव घेऊन बसलेला. डिकीत पापडांच्या खाली याकूबचा जॅक सापडला. मी तो मऊ मातीत ठेवला आणि फिरवायला लागलो.

आत आबा कोपरानं काच ठोकत होते. दोन्ही हातांत मूर्ती, दार उघडता येईना. मी बघितलं तर ते डोळ्यांनी सारखं खाली दाखवत होते. खाली म्हणजे काय, ते माझ्या लगेच लक्षात आलं. वय झालेल्या माणसाला लागतेच. मी काचेजवळ तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "आबा, जरा कळ काढा. चाक झालं की आडोसा बघू." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कळ काढतायत.

गाडी वर आली. आता मी नटाला पाना लावला. तर नट सुटेना आणि सगळं चाकच गरागरा फिरायला लागलं. हँडब्रेक ओढायचा असतो हे मला ठाऊक होतं, पण ते थांबलेल्या गाडीला कशाला, असं मला वाटलं होतं. मी एक पाय चाकात अडकवला आणि पान्यावर जोर दिला. गाडी हलली, आत आबा हलले, देव हलला.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. डोक्यावर कोलंबीची टोपली, वर प्लॅस्टिकचा कागद. काम करून करून काळी झालेली, आवाज खणखणीत. तिचं नाव हिराबाई, हे मागून कळलं. ती उभी राहून बघत राहिली.

"काय रं दादा," ती म्हणाली, "गाडीला झोपाळा बांधलास काय? म्हातारा देव घेऊन झुलतोय."

मी म्हटलं, त्यांना बोलायचं नाही, नेम आहे. ती म्हणाली, "त्यांना बोलायचं नाय, तुला बघायचं पन नाय काय?" आणि तिनं टोपली खाली ठेवून दार उघडलं. आबा मूर्ती छातीशी धरून बाहेर आले. भुरभुर पाऊस होता. हिराबाईनं टोपलीवरचा प्लॅस्टिकचा कागद काढला आणि मूर्तीवर घातला. म्हणाली, दमला असाल तर द्या माझ्याकडं घटकाभर. आबांनी मान हलवली. घरच्याच माणसानं धरायची. तिला ते लगेच पटलं. मला गाडीचं काहीच पटत नव्हतं.

पाय अडकवून अडकवून मी नट काढले. चाक काढलं. मग स्टेपनी बाहेर घेतली आणि हसतच सुटलो. आमच्या रिक्षाचं टायर त्याच्यापेक्षा बरं. बोटभर रुंदी, पिवळी रिम, वैशाखातल्या उपाशी वासरासारखी. मी हिराबाईला सांगायला लागलो, की याकूबनं मोंबासाला चाक धुतलं आणि ते आटलं, की ही गाडीची नाही, गाडीच्या पोराची स्टेपनी आहे. ती हसली. आता ऐकणारं माणूस हसलं की मला पुढचं दिसत नाही. मी मातीत बसलो, डावा पाय गाडीखाली लांब केला, स्टेपनी मांडीवर घेतली आणि तिसरा विनोद सुरू केला.

जॅक तिरपा होत होता. मी सोडून ते सगळ्यांना दिसत होतं.

"म्हाद्या, पाय काढ."

मी पाय काढला. विचार करून नाही. ते एसटीच्या ड्रायव्हरचं ओरडणं होतं, पाय आपोआप आला. गाडी पुढं सरकली आणि दाणकन खाली बसली. चाकामागचं लोखंड मातीत रुतलं. माझी चप्पल त्याच्याखाली होती, आणि मघापर्यंत चपलेत पाय होता.

मिठागरात एक बगळा उठला आणि परत बसला. मग मला कळलं की आवाज आबांचा होता. त्यांच्याकडं बघितलं तर ते मूर्तीवरच्या रुमालाकडं बघत होते. चाळीस वर्षं. पायावर पेटी पडली तेव्हा धरलेलं तोंड माझ्या पायासाठी उघडलं. आणि बारा वर्षांत ते मला पहिल्यांदा नावानं बोलले होते.

माझ्या तोंडून कधी नाही ते साधं वाक्य निघालं. "आबा, नेम मोडला."

"नेम पुढल्या वर्षी परत धरता येतो," आबा म्हणाले. "पोरीला नवरा परत कुठं शोधू? हा मिळवताना दोन जोड चपला झिजल्या."

हिराबाई म्हणाली, "मंग आता बोलाच बाबा. नायतर हा दुसरा पाय घालंल."

आबा बोलले. चाळीस वर्षांचं तुंबलेलं बोलले. मूर्ती मात्र खाली टेकवली नाही. अर्धा नेम तरी शाबूत ठेवायचा होता. देव छातीशी धरून, पावसात उभं राहून त्यांनी मला चाक बदलायला शिकवलं. आधी हँडब्रेक. मग गाडी गिअरमध्ये टाक. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लाव. हिराबाई बांधावर जाऊन उघाडीची (खाडीचं पाणी आतबाहेर करायला बांधात बसवलेलं दार) एक जुनी फळी घेऊन आली. आबा म्हणाले, जॅक फळीवर, मातीत नाही. जागा करायला मी हातांनी माती उकरली. गाडी थोडी वर आली, तर म्हणाले, ते पंक्चर टायर गाडीखाली आडवं सरकव. परत जॅक गेला तर गाडी टायरवर पडंल, तुझ्यावर नाय. आणि पाय, हात, डोकं, काहीपण गाडीखाली घालायचं नाय. डोकं घातलं तरी गाडीचं नुकसान होणार नाय, पण घालू नको.

स्टेपनी बसवली. नट हातानं लावले, गाडी उतरवली, मग पान्यानं आवळले, एक इकडचा, एक समोरचा. आबांनी वाकून पिवळ्या रिमवरचं इंग्रजी वाचलं. "ही घरी पोचण्यापुरती हाय. ऐंशीच्या वर न्यायची नाय असं लिहिलंय. ऐंशी मोंबासाला. आपण चाळीसनं जायचं." मग म्हणाले, "आणि नट सैल करायचे ते गाडी उचलायच्या आधी. मघाशी काचेतून मी तेच सांगत होतो. आडोसा नव्हता मागत."

हिराबाईनं निघताना आम्हाला ओंजळभर कोलंबी देऊ केली. मग तिलाच आठवलं की गाडीत देव आहे. तिनं कोलंबी परत टोपलीत टाकली, देवाला हात जोडले आणि मला म्हणाली, जीभ घरी ठेवून येत जा.

नागोठण्याला पंक्चरवाल्याकडं थांबलो. केरळकडचा माणूस, हायवेवर बरीच वर्षं. त्यानं स्टेपनीची हवा बघितली, ती कमी होती, भरली. मग मोठं टायर उघडलं, आत हात घातला आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "इसका ट्यूब किदर है?" म्हणाला. मी याकूबला मनात शिव्या दिल्या. मला वाटलं ट्यूब विकली त्यानं. आबा गाडीतून म्हणाले, ह्या गाड्यांना ट्यूब नसतेच, बिनट्यूबचं टायर असतं, मुंबईत होईल. पंक्चरवाला म्हणाला, मग आत काय असतं? आबा म्हणाले, "हवा. आमच्या जावयासारखं."

तसेच निघालो, बारक्या चाकावर. भिसे खिंड चाळीसनं म्हटली तरी मी तीसनं चढलो. धाटावच्या कारखान्यांत दुपारच्या शिफ्टला चाललेले स्कूटरवाले आमच्या पुढं जात होते, वळून चाकाकडं बघत होते. एका सायकलवाल्यानं उतारावर आम्हाला मागं टाकलं. मला एकही विनोद सुचला नाही. आबा मागून सांगत होते, वळण आलं, ब्रेक हळू, कलंडेल. एवढं आम्ही दोघं लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. कुंडलिकेचा पूल ओलांडला तेव्हा चार वाजून गेले होते.

दारात सासूबाई पाणी आणि तांदूळ घेऊन उभ्या. घरातली, शेजारची सगळी माणसं गप्प. रीतच तशी होती. देव पाटावर बसला की आबा पहिला शब्द बोलणार, 'मोरया', आणि मग सगळे ओरडणार. आबांनी मूर्ती पाटावर ठेवली. रुमाल काढला. खांदे चोळले. सगळे वाट बघत होते.

"वाटेत बोललो मी," आबा म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या पायांकडं बघितलं. एका पायात चप्पल, दुसरा चिखलानं भरलेला. काय झालं असेल ते त्यांना तेवढ्यावरून कळलं. त्या जरा थांबल्या. मला वाटलं तेवढं थांबायची गरज नव्हती. मग म्हणाल्या, "बरं केलंत."

आबा म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून देव म्हाद्या धरंल. नेम तो पाळंल. गाडी मी चालवीन."

माझी बायको हसायला लागली. "हा? हा पेणपासून रोह्यापर्यंत गप्प?" आणि मग सगळे हसले, आणि त्या हसण्यातच कुणीतरी मोरया म्हटलं.

पुढच्या वर्षी मी मूर्ती मांडीवर घेऊन मागं बसलो. याकूबचीच गाडी, चारही चाकं सारखी. निघण्यापूर्वी आबांनी स्टेपनीची हवा मोजून घेतली. पेण सोडलं आणि पहिल्यांदा मला तो रस्ता दिसला. इतकी वर्षं मी त्याच्यावरून बोलत गेलो होतो. मिठागराच्या पाण्यात आभाळ असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

वडखळच्या पुढं आबांनी गाडी हळू केली. बांधावर हिराबाई होती. तिनं गाडी ओळखली आणि हाक मारली, "काय रं दादा, पाय हाय ना जागेवर?"

मला त्यावर चार उत्तरं सुचली. चारही चांगली होती. मी ती गिळली आणि पाय उचलून तिला काचेतून दाखवला. पुढं आबा काचेबाहेर डोकं काढून काहीतरी म्हणाले आणि ती बांधावर खो खो हसत राहिली. काय म्हणाले ते विचारायला मला रोह्यापर्यंत थांबावं लागलं. आणि रोह्याला आबा म्हणाले, आठवत नाय.