कुणाच्या घरचं?

इस्लामपुरात मिरची कांडपाच्या डंकावर एक बाई बसते. तिचं नाव मला ठाऊक नाही, माझं तिला नाही. नाकातोंडावर पदर बांधलेला, भुवयांवर लाल धूळ. डबा पुढं आला की तिचा एकच प्रश्न असतो, "कुनाच्या घरचं?"

यंदा माझी लसूण घातलेली चटणी कुटून झाली आणि मागच्या जैन काकूंचा नंबर आला. बाईनं डंक बंद केला. उखळ कुंच्यानं झाडलं, फडक्यानं पुसलं, मूठभर ज्वारी कुटून ती फेकून दिली आणि पुन्हा पुसलं. रांगेतला एकजण वैतागला, "आवं, एवढ्यानं काय हुतंय?"

तिनं मान वर केली नाही. "त्येंच्यात लसूण चालत न्हाई. त्येंची चटणी त्येंच्यावानीच निघाय पायजे."

सगळ्यांनी मिळून राहण्यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. त्यासाठी कुणी मूठभर ज्वारी वाया घातलेली पहिल्यांदाच पाहिली.

तरी शहाणपणा सुचलाच. पुण्याच्या मॉलमधून आणलेलं मसाल्याचं पाकीट मी पिशवीतून काढून, फोडून तिच्यापुढं धरलं. 'साऱ्या जगाची चव, एकाच पाकिटात.' वर देशोदेशीची माणसं एका टेबलाभोवती हसत होती.

"मावशी, आता हे असं सगळं एकत्रच मिळतंय."

तिनं तोंडावरचा पदर खाली सारून चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं.

"तिखाट हाय, ग्वाड बी हाय. पर कुनाच्या घरचं?"

मी पाकीट उलटंपालटं करून बारीक अक्षरं वाचली. पत्ता होता, पण गोदामाचा.